चि. केदार त्र्यंबक खांबेटे

"काका, नावाच्या आधी काय घालू? चि. का कै.?"

कुंडलिकनं हे विचारलं ते मान वर न करता. एका हातात कोरायचं यंत्र, दुसऱ्या हातात फडकं, आणि समोर काउंटरवर, जिथे एरवी ताटं-वाट्या-तांबे असतात तिथे, माझ्या चौदा लॅपटॉपांची चळत. डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या आहेराची भांडी असली की तो नावाआधी चि. घालतो, तेराव्याला वाटायची असली की कै. घालतो. भेळवाल्यानं तिखट की गोड विचारावं, तसं त्यानं विचारलं होतं. माझ्या शर्टाच्या खिशात माझ्या बायकोनं, मंदाकिनीनं, टपोऱ्या अक्षरांत लिहून दिलेली चिठ्ठी होती: 'कै. केदार त्र्यंबक खांबेटे यांच्या स्मरणार्थ. खांबेटे परिवार, डोंबिवली.' ती काढून त्याच्यापुढे धरायची, एवढंच माझं काम. मी ती काढली नव्हती. नुसतं तोंडानं नाव सांगितलं होतं, म्हणून त्याला विचारावं लागलं. आणि त्यानं विचारल्यावर माझ्या लक्षात आलं, की सहा वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं आणि मला येऊन फक्त कळवलं होतं. नातेवाइकांनी, केदारच्या कंपनीनं, शेजारच्या प्रमोदिनीबाईंनी, आणि सगळ्यांच्या आधी खुद्द त्याच्या आईनं. हा भांडीवाला पहिलाच माणूस, ज्याला माझं मत हवं होतं.

"चि.," मी म्हणालो.

"आणि खाली? कोणाच्या आठवणीत वगैरे?"

"काही नाही. नुसतं नाव."

"म्हणजे पोरगाच देतोय काय? भारी काम करतोय काका. आजकालची पोरं कुठे देतात!" असं म्हणून त्यानं पहिला लॅपटॉप पालथा घेतला आणि यंत्र लावलं. घर्रर्र आवाज सुरू झाला, काळ्या प्लास्टिकची बारीक पांढरी भुकटी उडायला लागली. मी स्टुलावर बसून चौदाही होईपर्यंत ते बघत राहिलो. मला लाज वाटत नव्हती. उलट खूप दिवसांनी बरं वाटत होतं. आफ्रिकेतल्या एका खेड्यात जाणार होते ते लॅपटॉप. तिथे देवनागरी कोण वाचणार होतं?

केदार आमचा धाकटा. एकोणतिसाव्या वर्षी टांझानियातल्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम बघायला गेला. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्वान्झा नावाचं शहर आहे, तिथे राहायचा. दर शनिवारी होडीत बसून आखाताच्या पलीकडच्या एका गावी जायचा, शाळेतल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौस, असं मी फोनवर म्हणायचो. तो हसायचा. म्हणायचा, "बाबा, एक कॉम्प्युटर आणि अडतीस पोरं. एकाचा नंबर लागतो तोपर्यंत बाकीची सदतीस माझं डोकं खातात." सहा वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका शनिवारी, परत येताना वारा सुटला आणि होडी उलटली. होडीत अकरा माणसं होती. चार वाचली. सहा नंतर सापडली. राहतो एक. त्या एकाबद्दल कुणालाच काही सांगता येत नव्हतं आणि तरी सगळे मला सांगत होते. सापडला नाही म्हणजे गेला, हे कुठलं तर्कशास्त्र? मी आयुष्यभर मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात काटे आणि मीटर दुरुस्त केले. काटा दिसत नसला तर 'दिसत नाही' असं लिहायचं, 'शून्य' लिहायचं नाही, हे मी हाताखालच्या माणसांना रागावून शिकवलेलं आहे. शिवाय केदारला पोहता येत होतं. मी स्वतः शिकवलं होतं.

हे सांगताना माझा आवाज अजून चढतो. मोहन्याला आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हाची गोष्ट. केदार आठ वर्षांचा असेल. त्याला लहानपणापासून गार पाण्याचं वावडं. सकाळी बंबातलं सगळं गरम पाणी हा एकटा संपवणार, आणि वर अंतरा बाहेरून दार वाजवत असताना आत गाणी म्हणणार. मी त्याला नबाबसाहेब म्हणायचो. पोराचं लोणी झालंय, ते जरा घट्ट करायला हवं, असं माझ्या डोक्यात बसलं आणि ऐन डिसेंबरात मी त्याला रोज पहाटे उल्हास नदीवर न्यायला लागलो. चड्डीवर काठाशी उभा राहायचा. छातीचा पिंजरा दिसायचा. दातांवर दात आपटत म्हणायचा, "बाबा, गार आहे हो." मी म्हणायचो, "पाणी गारच असतं. मुकाट उतर." आठवडाभर तो गुडघ्यापुढे गेला नाही. एके दिवशी मी मागून जाऊन ढकलला. वर आला, नाकातोंडातून पाणी काढत, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला अजून ते डोळे आठवले की हातातलं काम थांबतं. पण त्या उन्हाळ्यात त्यानं नदी पार केली. क्वार्टर्समधल्या प्रत्येकाला मी ते दोनदोनदा सांगितलं. ज्यानं उल्हास पार केली तो तळ्यात बुडतो? माझा मुद्दा एवढाच होता. त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नव्हतं, आणि मी ते कुणाला देऊही देत नव्हतो.

मंदाकिनीनं उत्तर दिलं नाही, तिनं आंघोळ केली. होडी उलटल्याचा फोन येऊन वीस दिवस झाले होते. भर दुपारी ती न्हाणीघरात गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, आणि केस न पुसता बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. साडीवर पाणी ठिबकत होतं. म्हणाली, "मी केदारच्या नावानं आंघोळ केली. आता तुम्ही करा." मी तिला जे बोललो ते बोलायला नको होतं. तू आई आहेस का कोण, असं म्हणालो. वीस दिवस वाट बघता आली नाही तुला, असं म्हणालो. ती उठून आत गेली आणि केस पुसायला लागली. त्यानंतर मी डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही. सहा वर्षं. हसायला येईल, पण खरं आहे. रोजची आंघोळ मी खांद्यापासून खाली करतो. केस धुवायला बंटीच्या सलूनमध्ये जातो, तिथे मान मागे टाकून बेसिनमध्ये धुतात, ते आंघोळीत धरत नाहीत. बंटीला वाटतं म्हाताऱ्याला चैन सुचलीय. "काका, हेड मसाज पण करू का? एकदम हलकं वाटेल," म्हणतो. घरात श्राद्ध मी होऊ दिलं नाही. फोटोला हार घालू दिला नाही. मागच्या निवडणुकीआधी मतदारयादी तपासायला बाई आल्या, त्यांनी विचारलं, "केदार त्र्यंबक खांबेटे?" मी म्हणालो, "बाहेरगावी असतो." आत स्वयंपाकघरात मंदाकिनीच्या हातातला झारा खाली ठेवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली नाही. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं एकमेकांशी फक्त दुधाबद्दल बोललो.

कॉम्प्युटर न्यायची कल्पना तिचीच. अंतरा, माझी मुलगी, ठाण्याला घोडबंदर रोडला राहते. तिच्या नवऱ्याच्या, विनीतच्या ऑफिसमध्ये जुने लॅपटॉप मोडीत निघाले, ते त्यानं मागून घेतले. मंदाकिनी म्हणाली, "त्या शाळेला देऊ. आपण सगळे जाऊन देऊ. तुम्ही दुसरं काही करू देत नाही, निदान हे तरी." मी लगेच हो म्हटलं तेव्हा ती चमकली. विनीतला सुट्टी नव्हती. मी, ती, अंतरा आणि अकरा वर्षांची नात सान्वी, असे चौघं जायचं ठरलं. तीन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडे पडलेले होते. पंखे साफ केले, बॅटऱ्या बदलल्या, किल्ल्यांखालचे बिस्किटांचे चुरे ब्रशनं काढले. रविवारी अंतरा यायची ती ट्रॅफिकला शिव्या देत यायची आणि माझ्या शेजारी बसून स्क्रू डबीत गोळा करायची. एकदा हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे आहात ना? किती उत्साहात आहात." मी म्हटलं, "कामात माणूस बराच असतो." माझ्या उत्साहाचं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या बॅगेत, पायमोज्यांच्या खाली, केदारच्या फोटोच्या पन्नास प्रती होत्या. मागे इंग्रजीत माझा फोन नंबर. तिथली इस्पितळं, धर्मशाळा, काठावरची कोळ्यांची गावं. माणसाला मार लागतो, आठवण जाते, भाषा येत नसते, कुणीतरी ठेवून घेतं. घरच्यांना दान करायचं होतं. मला शोधायचं होतं.

बॅटरीमुळे लॅपटॉप हातातल्या बॅगेतच न्यायचे असतात. चौदा लॅपटॉप चौघांत वाटले, सान्वीच्या पाठीवरसुद्धा दोन आले. दार-एस-सलामच्या विमानतळावर आम्हाला बाजूला घेतलं. एक जाडसर, शांत अधिकारी होता. शाळेचं पत्र त्यानं वाचलं, मग एकेक लॅपटॉप काढून टेबलावर पालथा घालून ठेवला. चौदाही. ट्यूबलाइटच्या उजेडात चौदा वेळा तेच नाव. मंदाकिनी माझ्या डावीकडे उभी होती, अंतरा उजवीकडे. सान्वी वाचायला पुढे वाकली आणि अंतरानं तिचा हात इतका घट्ट धरला की पोरगी 'आई' म्हणून ओरडली. अधिकाऱ्यानं अक्षरांवर बोट ठेवून मला विचारलं, "हे काय आहे?" मी म्हणालो, "मालकाचं नाव." "मालक कुठे आहे?" मी म्हणालो, "तो इथेच असतो. तुमच्या देशात." त्यानं मान डोलावली आणि शिक्का मारला. लॅपटॉप परत बॅगेत भरताना मंदाकिनी एवढंच म्हणाली, "कुंडलिकनं अक्षर चांगलं काढलंय." मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मग मला कळलं, की तिनं हे आज पहिल्यांदा वाचलेलं नाही. लॅपटॉप आठ दिवस घरात होते. तिनं वाचलं होतं, रविवारी अंतरानं वाचलं होतं, आणि दोघी माझ्यासमोर जेवत होत्या, मला वाढत होत्या. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी एकदम थकल्यासारखं झालं.

म्वान्झाहून त्या गावाला होडीनं तासाभरात जाता येतं. रस्त्यानं वळसा घालून साडेचार तास लागतात. मंदाकिनीनं गाडी ठरवली. सकाळी निघालो. दगडांचे मोठमोठे ढीग, मक्याची शेतं, डोक्यावर पिवळे कॅन घेऊन चाललेल्या बायका. मी खिडकीशी बसून प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघत होतो. पस्तिशीचा, सावळा, उंच, डाव्या भुवईवर व्रण. असा कुणी नव्हता. मग एका चढावर गाडी आली आणि ड्रायव्हर म्हणाला, "लेक." मी बघितलं. सहा वर्षं मी नकाशात ते निळं पाहत आलो होतो, आणि मनात मी तळं धरलं होतं. कल्याणच्या काळ्या तलावापेक्षा मोठं, पवईपेक्षा मोठं, असं करत करत जेवढं मोठं करता येईल तेवढं केलं होतं. पण काठ सोडला नव्हता. काठ असतो, पोहणारा काठाला लागतो. आणि समोर काठ नव्हताच. पाणी जात होतं आणि आभाळाला लागत होतं, आणि त्यावर लांब एक होडी होती, ती हलतेय की उभी आहे ते कळत नव्हतं. सान्वी म्हणाली, "आजोबा, हा तर समुद्रच आहे." मी तिला म्हणालो, "गप्प बस." उगाचच. तिचं काय चुकलं होतं? पाच मिनिटांनी मी तिला बॅगेतली चिक्की दिली, तिनं घेतली, पण खाल्ली नाही.

शाळा पाण्यापासून हाकेच्या अंतरावर होती. लांबट इमारत, पत्र्याचं छप्पर, निळी दारं. मुख्याध्यापक दारापर्यंत आले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून ठेवला. वर्गात साठ-सत्तर मुलं दाटीवाटीनं बसली होती. भिंतीवर केदारचा फोटो होता. तो मी कधी पाहिलेला नव्हता. टी-शर्ट घालून, खडूनं पांढरे झालेले हात वर करून हसतोय. केस वाढलेले. मी मनात म्हटलं, कापायला हवेत. मुलांनी गाणं म्हटलं. आम्ही लॅपटॉप टेबलावर मांडले. मग एक तरुण शिक्षिका पुढे आली. मुख्याध्यापक म्हणाले, ही रेहेमा, हीच आता कॉम्प्युटर शिकवते, आणि ही केदार सरांचीच विद्यार्थिनी. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. ती मंदाकिनीसमोर गुडघ्यात वाकली, तिथे मोठ्यांना तसा नमस्कार करतात. मंदाकिनीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि माझ्या मनात आलं, चला, निभावलं. आता हार-तुरे होतील, फोटो होतील, आणि उद्यापासून मी माझ्या कामाला लागेन.

रेहेमानं पहिला लॅपटॉप उचलला. कसा आहे ते बघायला उलटा केला. तिचं बोट कोरलेल्या अक्षरांवर थांबलं. मग ते सरकायला लागलं, डावीकडून उजवीकडे, लहान मुलाचं सरकतं तसं, आणि तिचे ओठ हलायला लागले. "चि," ती म्हणाली. "के. दा. र." एवढ्या दूर, पत्र्याच्या छपराखाली, ती पोरगी देवनागरी वाचत होती. तिनं दुसरा लॅपटॉप उलटा केला. तिसरा केला. मग दोन्ही हात तोंडावर धरले. डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. मला काही म्हणायची संधी न देता ती वर्गाकडे वळली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडून बोलली. मला त्यातला 'केदार' तेवढा कळला. आणि अख्खा वर्ग उठून उभा राहिला. मागची मोठी मुलं बाकांवर चढली. टाळ्या सुरू झाल्या. मुख्याध्यापकांनी मला मिठी मारली आणि माझ्या कानाशी इंग्रजीत म्हणाले, "देवाचे आभार. देवाचे आभार. आम्हाला कुणी कळवलंच नाही."

"काय झालं?" अंतरा ओरडून विचारत होती. "बाबा, काय झालं?" रेहेमानं माझे हात धरले. "म्वालिमू सापडले ना? ते आहेत ना? कुठे आहेत? ते का नाही आले?" म्वालिमू म्हणजे गुरुजी. माझा चेहरा बघून तिचं हसू जरासं डळमळलं. मग ती टेबलाकडे गेली, खणातून एक पत्र्याचा डबा काढला, त्यातून कागदाच्या दोन चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. पुरावा दाखवावा तशी. म्हणाली, "एकच कॉम्प्युटर होता. नंबर येईपर्यंत आम्ही दंगा करायचो. म्हणून ते आमची नावं तुमच्या अक्षरांत लिहून द्यायचे आणि वाचायला शिकवायचे. मुलांना हे लिहायचे," तिनं लॅपटॉपवरच्या 'चि.'वर बोट ठेवलं. "याचा अर्थ, हा आहे आणि याला खूप आयुष्य मिळो. मला हे दिलं." एका चिठ्ठीवर होतं 'कु. रेहेमा'. "मी म्हटलं, माझ्या वडिलांचं पण लिहा. म्हटलं, ते वारलेत. तेव्हा त्यांनी हे दिलं. म्हणाले, जो गेला त्याच्या नावाआधी हे." दुसऱ्या चिठ्ठीवर होतं 'कै. एलियास'.

ते केदारचं अक्षर होतं. 'क'चा पाय लांब ओढायची सवय माझी, ती त्यानं उचलली होती. मोहन्याच्या ओट्यावर पाटी मांडीवर घेऊन, त्याच्या मुठीवर माझी मूठ धरून मी ते गिरवून घेतलं होतं. त्या 'क'वर त्यानं एका परक्या पोरीच्या बापासाठी दोन मात्रा दिल्या होत्या. सरळ, न अडखळता. जो गेला त्याला गेला म्हणायचं, जो आहे त्याला आहे. इतकं सोपं होतं त्याला. ती मुलगी बाप गेल्याचं आपल्या तोंडानं सांगू शकली होती, आणि सत्तरीला टेकलेला मी भांडीवाल्याकडून खोटं कोरून घेऊन, ते चार माणसांच्या पाठीवर लादून, समुद्र ओलांडून तिच्या हातात द्यायला आलो होतो. टाळ्या अजून चालल्या होत्या. मंदाकिनी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. सहा वर्षं ती अशीच बघत असणार, मी मान वर केली नव्हती.

"नाही," मी इंग्रजीत म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. "नाही. तो सापडला नाही. मी चुकीचं लिहिलंय. तो गेला." माझा आवाज कुणा दुसऱ्याचा असावा तसा मला ऐकू आला. मग मी वळलो आणि मंदाकिनीला मराठीत सांगितलं, जसं काही तिला ठाऊकच नव्हतं. "मंदा, केदार गेला गं."

रेहेमानं हात वर केला. टाळ्या पुढून थांबत थांबत मागे गेल्या. मागच्या बाकावरचं कुणीतरी उशिरापर्यंत वाजवत राहिलं, मग तेही थांबलं. रेहेमा खाली बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. तिला मी एकाच दिवशी तिचा गुरू परत दिला होता आणि परत मारला होता. मी तिची माफी मागितली, तर ती रडतारडता मलाच 'पोले, पोले' म्हणत राहिली. दुखवटा करताना तिथे तसं म्हणतात, ते ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं. माझ्या खिशात किल्ली होती. ती काढून मी पहिल्या लॅपटॉपवरचं 'चि.' खरवडायला लागलो. मंदाकिनीनं माझं मनगट धरलं. "राहू दे. जिला वाचता येतं तिला आता कळलंय."

"तुला घरीच दिसलं होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं मी कधीच बोलले होते," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बोलायचं होतं." मग आवाज न बदलता म्हणाली, "चला, आंघोळ करून घ्या."

"इथे?"

"इथेच. घरी गेल्यावर तुम्ही पुन्हा बदलाल."

तिनं रेहेमाला पाण्याचं विचारलं. शाळेच्या मागे पत्र्याच्या आडोशाला एक काळा पिंप होता, शेजारी दगड, त्यावर प्लास्टिकचा लाल मग. पाणी सरोवरातून पाइपानं येतं, रेहेमा म्हणाली. दुसरं पाणी नव्हतंच. अंतरा सान्वीला जवळ घेऊन भिंतीशी उभी राहिली. मी शर्ट काढून तिच्याकडे दिला. शर्ट बदलताना दरवेळी मी खिशात ठेवत आलेली मंदाकिनीची चिठ्ठी तिच्या हाताला लागली, तिनं ती वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली. फोटोंचं पाकीट माझ्या बॅगेत होतं, त्याचंही तिला मी तिथेच सांगितलं. "रेहेमाला एक दे," मी म्हटलं, "बाकीचे राहू देत." मी दगडावर बसलो. पलीकडे ते पाणी दिसत होतं, दुपारच्या उन्हात पांढरं. मी गुडघे पोटाशी घेतले आणि अंग आवळून धरलं. गार पाण्याची वाट बघत माणूस बसतो तसा. सहा वर्षं रोज, बंबाजवळ, खांद्यावर पहिला तांब्या घेताना मी हेच धरून चाललो होतो, की त्या दिवशी सरोवराचं पाणी गार असणार, आणि तो 'बाबा, गार आहे हो' म्हणाला असणार, आणि त्याला ढकलणारा मी होतो.

मंदाकिनीनं मग भरला आणि माझ्या डोक्यावर ओतला.

पाणी कोमट होतं. उन्हानं असेल, पिंपामुळे असेल, पण मी ओंजळ धरून पुन्हा पुन्हा बघितलं. कोमटच होतं. मी रेहेमाला विचारलं, "आत, सरोवरातसुद्धा असंच असतं?" ती म्हणाली, "मार्चमध्ये याहून जास्त गरम असतं." मला हुंदका आवरेना. मंदाकिनीनं डाव्या हातानं माझा खांदा धरला आणि उजव्या हातानं मग पुन्हा भरला.

"अजून घालू?" तिनं विचारलं.

"घाल," मी म्हणालो.